पाचवा पर्याय

मुलांनो, आमच्या शेजारचे महादेवराव गणित सोडवताना मधेच हात पुसतात. गणित तोंडी असतं, हाताला काहीही लागलेलं नसतं, तरी पुसतात.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवली. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, तंतू ओढून पाहायचा, बोटं पुसायची, मग पुढची गाडी. "पह्यल्या गाडीचा तंतू दुसऱ्या गाडीत नेला का भाव चुकला," असं ते कुणालाही ऐकवतात.

त्यांची एकुलती रश्मी पुण्यात नोकरीला होती. बायको गेल्यापासून बापलेक दोघंच. परदेशात एमबीए करायचं म्हणून रश्मीनं प्रवेश परीक्षा दिली आणि एकाच तऱ्हेच्या प्रश्नांनी तिला बुडवलं. प्रश्नाखाली दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं. ते निघण्यापुरती माहिती नुसत्या पहिल्यात आहे, नुसत्या दुसऱ्यात आहे, दोन्ही मिळून आहे की दोन्हींत वेगवेगळी आहे, असल्या पाच पर्यायांतून एवढंच सांगायचं.

"बाबा, मी सोडते हे," ती फोनवर म्हणाली.

"सोडू नको. मी शिकतो अन् तुले सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रश्मीचं घरी राहिलेलं परीक्षेचं पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर हजर. त्यांना इंग्रजी येत नाही, मला गणित येत नाही. दोघं मिळून पुरेसे होतो.

मी वाचलं, डब्यात लाडू किती? पहिलं विधान: दोघांत सारखे वाटले तर एकही उरत नाही.

"पुरत नाई. दोन बी असतीन, वीस बी." हात पुसला.

दुसरं: दहापेक्षा जास्त, तेरापेक्षा कमी.

"बारा," मी म्हटलं.

"बाई, तुमच्या बोटाले पह्यला कापूस चिकटून हाये. नुसत्या दुसऱ्यानं अकरा काऊन नाई?"

हेच ते संध्याकाळी रश्मीला फोनवर समजावत. आमचं भांडण व्हायचं ते पाचव्या पर्यायावरून: दोन्ही मिळूनही सांगता येत नाही. तो त्यांनी कधीच निवडला नाही. पुस्तकामागचं छापील उत्तर दाखवलं तरी नाही.

"शेतकरी गाडी घेऊन दारात उभा, अन् मी म्हणू, सांगता येत नाई? मंग मले तिथं ठेवलं कायले?"

चार महिने एक सकाळ चुकली नाही. ताप होता तेव्हा मफलर गुंडाळून आले. रश्मी दुसऱ्यांदा बसली, चांगले गुण मिळाले, प्रवेश झाला, गेलीसुद्धा. महादेवराव मात्र अजून सातला येतात, पुस्तक घेऊन.

परवा ओट्यावरच तिचा फोन आला. मिनिटभरात संपला.

"काय म्हणते?"

"म्हणते, जेवली. अन् म्हणते, बरी हाये."

मी गमतीनं विचारलं, "मग पोरगी खुशीत आहे का? पहिलं विधान पुरेसं?"

"नाई."

"दुसरं?"

"नाई."

"दोन्ही मिळून?"

फोन मुठीत तसाच होता. हात काही त्यांनी पुसला नाही.

"पाचवा पर्याय, बाई," ते म्हणाले.

मी चहा टाकायला उठले. तुमचाही फोन दोनच वाक्यांचा असतो, मुलांनो. येत्या रविवारी एखादं तिसरं बोला.