व्याह्यांचा लाल चेंडू

कर्नल मुख्तार यांनी चहाचा ग्लास खाली ठेवत विचारलं, "उस्ताद रम्झी, तुम्ही क्रोके खेळता का हो?" आणि रम्झी "कधीमधी" म्हणून गेला. हिरवळीवरच्या कमानींतून चेंडू ढकलायचा तो लांब दांड्याचा हातोडा त्याने जन्मात हातात धरला नव्हता. पण समोर बसलेला माणूस उद्या आपल्या लेकीचा, नरमीनचा सासरा होणार होता. (आणि बासष्टाव्या वर्षी नवं खोटं बोलायची संधी तरी माणसाला किती वेळा मिळते?)

पुढच्याच आठवड्यात रम्झी पांढरे कपडे घालून क्लबच्या हिरवळीवर उभा होता. पहिल्या फटक्यालाच कर्नलांना सगळं कळलं, पण माणूस फौजी. कच्चे जवान घडवण्यातच हयात गेलेली. "मान खाली! चेंडूकडे बघा! कमान कुठे पळून जात नाहीये!" असं दोन महिने चाललं. रम्झी शिकला. लोखंडी कमानीतून त्याचा पहिला चेंडू पार झाला, ते त्याने घरी येऊन तीनदा सांगितलं. बायकोने, इहसानने, ते निमूट ऐकून घेतलं.

एक गोष्ट मात्र त्याने कोणालाच सांगितली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. कैरोच्या भूमापन खात्यात त्याने चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढलेले. तिथे नजर म्हणजे रम्झीची, असं म्हणत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं, पण डोळ्यात सुई जाणार या विचारानेच तो दर वेळी तारीख पुढे ढकलायचा. पिवळा चेंडू त्याला छान दिसे. निळाही बरा दिसे. लाल आणि काळा मात्र उतरत्या उन्हात जुळे भाऊ वाटत.

आणि मग क्लबची जोडीची स्पर्धा आली. कर्नलांचा लाल, रम्झीचा पिवळा. समोर दोन दंतवैद्य भाऊ, निळा आणि काळा घेऊन. कमानीतून चेंडू कोणीही ढकलला, तरी गुण ज्याचा चेंडू त्याला. बारा कमानींनंतर गुण सहा-सहा. शेवटच्या कमानीसमोर वीतभर अंतरावर एक चेंडू, दुसरा जरा बाजूला. पाळी रम्झीची.

"काळ्याला उडवा बाजूला!" कर्नल ओरडले.

रम्झीला वाटलं, समोरचा आहे तो व्याह्यांचा लाल आणि बाजूला पडलाय तो काळा. मग त्या बिचाऱ्याला उडवायचं कशाला? लाललाच हलकेच आत ढकललं की सामना जिंकला! विचारावं का? पण विचारलं तर बिंग फुटणार. त्याने श्वास रोखला आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका मारला. समोरचा चेंडू कमानीतून सुळकन पार. रम्झीने हातोडा आकाशाकडे उंचावला. दोन्ही दंतवैद्य धावत आले आणि त्यांनी त्याच्या गालांचे मटामटा मुके घेतले. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की मुके चुकीच्या बाजूने येताहेत.

कर्नलांनी हातोडा पिशवीत घातला आणि ते निघून गेले.

इहसान दारातच उभी होती. "त्यांच्या बायकोचा फोन आला होता. कर्नल जेवलेसुद्धा नाहीत. परवा त्यांनी तुला 'नकाशे रंगवणारा' म्हटलं, त्याचा तू भर क्लबात सूड उगवलास म्हणे. शुक्रवारी साखरपुडा आहे, रम्झी!"

"सूड? मी?"

"मग काय! एवढा ढळढळीत काळा चेंडू दिसला नाही तुला?"

रम्झी वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती आधीच सुटलेली होती. इहसान स्वयंपाकघरात जाऊन आली आणि तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "यातला टोमॅटो कुठला?"

त्याने बराच वेळ निरखून पाहिलं. "मला फसवतेस होय? दोन्ही वांगी आहेत."

दोन्ही टोमॅटो होते.

टोमॅटो बाजूला ठेवून ती त्याच्यासमोर बसली. "आणि माझा चेहरा? तो तरी दिसतो?"

"दिसतो ना. अगदी लग्नातल्यासारखा."

इहसान हसली नाही. डोळे पुसून उठली. "चल. आत्ता कर्नलकडे जायचं."

"मला दुष्ट म्हटलेलं चालेल गं. आंधळा नको."

"तुला चालेल. पोरीचं काय?"

कर्नलांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग जवळ येऊन त्यांनी रम्झीच्या डोळ्यांत पाहिलं. "मला सांगायचं नाही? वेड्या, एका सुईला घाबरलास?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

साखरपुडा झाला. दोन्ही ऑपरेशनांना कर्नल स्वतः घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर जपमाळ ओढत ताठ बसून राहिले.

दोन महिन्यांनी रम्झी पुन्हा हिरवळीवर आला. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. लाल तर इतका लाल, की त्याने तो चेंडू उचलून उन्हात फिरवून पाहिला. कमान चार पावलांवर, मध्ये काही नाही. त्याने नेम धरला, फटका मारला. चेंडू कमानीच्या हातभर बाजूने गेला आणि थेट जास्वंदीच्या कुंपणात शिरला.

कर्नल बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले.

"कमान दिसत होती?"

"लख्ख. तिच्यावरचा गंजसुद्धा."

कर्नलांनी आजूबाजूला पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "हे बघ, आता आपण नातेवाईक आहोत. क्लबात कोणी विचारलं, तर ऑपरेशन अजून व्हायचंय असंच सांग."