बशीच्या फुंकरीची कैफियत

हकीकत ऐसी जे, नागपूर शहरी, प्रतापनगर पेठेत, एका चिमुकल्या घशावरून जो संग्राम जाहला, तो ज्यांनी पाहिला ते गोळ्या घेऊन निजले आणि ज्यांनी पाहिला नाही ते चौकात भलतेच सांगत सुटले, सबब खरे काय ते लिहून ठेवणे लेखकास प्राप्त जाहले. लेखकाचा स्वतःचा घसा पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीने कामास आला आहे, परंतु लेखणी शाबूत आहे.

राजश्री देवाजीबोवा, एसटीचे निवृत्त कंडक्टर, यांचा दरारा ऐसा की त्यांनी गाडीत "चला, समोर सरका!" अशी आरोळी दिली म्हणजे उतारू सरकत, बोचकी सरकत, आणि एकदा तर ड्रायव्हरही सरकला म्हणतात. त्यांची नात दीप्तीबाई, इयत्ता चौथी, बोवांची लाडकी. उभयतांचा रिवाज ऐसा जे, सकाळी चहा आला की बोवांनी बशीत ओतावा, फुंकर मारावी, अर्धा आपण प्यावा आणि उरला अर्धा त्याच बशीतून नातीस पाजावा. या तहात तिसऱ्यास वाटा नव्हता, खुद्द आजीसाहेब सिंधूताईंसही नाही.

ऐसे सुखात असता दीप्तीबाईंच्या घशावर गनीम चालून आला. अंगी ताप, गिळवेना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. औषध दिले, गनीम पळाला; आणि मग बेशरमासारखा पुन्हा आला, आणि मग पुन्हा. घरात खलबत बसले. शेजाऱ्यांनी कूलरवर आळ घेतला, सिंधूताईंनी बर्फाच्या गोळ्यावर, आणि बोवांनी आजकालच्या पोरांच्या नाजूक घशांवर.

"मले पाहा," बोवा गरजले, "जिंदगीभर गाडीत बोंबललो, कधी घसा बसला काय?"

मग स्वारीने धंतोलीस कूच केले. तेथे बालरोगांच्या डॉक्टर लतिकाबाई यांनी दीप्तीबाईंच्या छातीस नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि इतल्ला दिली की काळीज तूर्त शाबूत आहे, परंतु हा स्ट्रेप्टोकोकस नामे गनीम मोठा दगाबाज. घसा धरतो, कधी अंगभर लाल पुरळ उठवतो, आणि वरचेवर येत राहिला तर शरीराची स्वतःचीच फौज भ्रमिष्ट होऊन सांध्यांवर आणि काळजाच्या झडपांवर हत्यार चालवते. गनीम निघून जातो, झडप मात्र जन्माची अधू होते. सबब यास घरातूनच कोणी आसरा देत असेल, तर सर्वांच्या घशांची झडती घ्यावी, ऐसा हुकूम जाहला. हे ऐकून सिंधूताईंनी नातीस पोटाशी धरले, आणि लेखकही येथे क्षणभर थट्टा विसरला.

बोवा मात्र बधेनात. "माझ्या घशात काय पाहून राहिल्या बाई? हा एसटीचा घसा आहे!"

"आ करा जी!" सिंधूताई कडाडल्या. "पोरीच्या काळजापेक्षा तुमचा तोरा मोठा आहे काय?"

बोवांनी आ केला. कापसाची काडी पडजिभेमागे लागताच त्यांनी ऐसी ओकारी दिली की बाहेरचे पेशंट आपोआप समोर सरकले.

पुढील तपास प्रयोगशाळेच्या डॉक्टर गार्गीबाईंकडे. त्यांनी जंतू वाढावेत म्हणून मेंढीचे रक्त घातलेल्या थाळ्यांवर घरच्या सर्वांच्या काड्या फिरवल्या आणि थाळ्या रातभर उबेत ठेवल्या. सकाळी पाहतात तो काही थाळ्यांवर हिरवट झाक. हे घशाचे जुने रहिवासी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांस सोडून दिले. दोन थाळ्यांवर मात्र बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त खाऊन साफ केलेले कडे. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोळे, हातात हात घालून साखळीने उभे. मग औषधाची टिकली ठेवून पाहिली, तो टिकलीजवळ उगवण्याची एकाचीही छाती जाहली नाही, आणि हाच तो गनीम, ही ओळख पक्की ठरली. एक थाळी दीप्तीबाईंची. दुसरी राजश्री देवाजीबोवांची.

लतिकाबाईंनी हा निकाल वाचून दाखवताच बोवा खुर्चीत बसले. "म्हणजे फुंकर मारून मारून... मीच देऊन राहिलो होतो तिले?"

लतिकाबाईंनी समजावले की कित्येकांच्या घशात हा गुमान राहतो, दुखत नाही, खुपत नाही, यात कसूर कोणाचा नव्हे. उभयतांनी औषध पुरते घ्यावे, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, आणि बशी वेगळी करावी. बोवांनी सारे कबूल केले, फक्त कसूर आपला नव्हे ही बात कबूल केली नाही. त्या दिवसापासून ते चहा घेऊन दाराशी जाऊन बसत, तोंड अंगणाकडे, आणि नात बोलली तर मान हलवीत. घरात त्यांची आरोळी ऐकू येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी काळजीने विचारपूस केली.

औषध संपले, पुन्हा झडती जाहली, दोन्ही थाळ्या निर्मळ निघाल्या आणि दीप्तीबाईंच्या काळजाचे ठोके दुरुस्त भरले. दुसऱ्या सकाळी सिंधूताईंनी दोन बशा मांडल्या. बोवा आपली उचलून दाराकडे निघाले, तो दीप्तीबाईंनी घसा साफ केला, आणि सगळी आळी दणाणेल ऐसी आरोळी दिली: "आबा! दाराशी काहून बसता? चला, समोर सरका!"

बोवा सरकले. अगदी गुडघ्याला गुडघा लागेतो सरकले, आणि वर्तमानपत्राची घडी करून नातीच्या बशीस वारा घालू लागले, चहा थोडा सांडला, डोळेही थोडे सांडले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गनीम बेपत्ता, काळीज शाबूत, घरात बशी एक ज्यादा.