नान्तेनची दहा फळं

हाचिसुका तोकिची यांच्या मते जपानमधल्या कानाझावा शहरात पाहण्याजोग्या गोष्टी तीनच होत्या: किल्ला, बाग आणि हाचिसुका तोकिची. तीस वर्षं गॅसचे मीटर वाचल्यावर माणसाचा चेहरा वाचणं म्हणजे पोरखेळ, असं त्यांनी दारावरच्या गुप्तहेरगिरीच्या पाटीवर लिहून घेतलं होतं. पाटी लहान पडल्यामुळे ‘पोरखेळ’ एवढंच ठळक आलं होतं.

त्यांची बहीण मित्सुयो त्यांची सहायक. म्हणजे पहाटे पाचला लोणच्याच्या दुकानात कामाला जायचं, संध्याकाळी स्वयंपाक करायचा आणि तो करता करता दादाचे तर्क ऐकायचे.

यंदाची केस गल्लीतल्या न्हाव्याच्या बायकोची, किनुबाईंची होती. त्यांच्या दारातल्या निळ्या कुंडीत नान्तेनचं झुडूप होतं. त्याची लाल फळं दारात असली की संकट आल्या वाटेने परत जातं म्हणतात. नववर्ष आठवड्यावर आलेलं, आणि पाच दिवसांत दहा फळं गायब. रोज दोन फळं, सोबत दोन पानं.

“बुलबुल असेल,” मित्सुयो म्हणाली.

“बुलबुल कात्री वापरतो का, मित्सु?” दादांनी कापलेला देठ भिंगाखाली धरला. “नान्तेन खोकल्यावर औषध. पान लाल भातावर ठेवतात, आणि लाल भात मंगलकार्याला. गुन्हेगाराला खोकला आहे आणि त्याने गुपचूप लग्न केलंय.”

खोकला शेजारच्या ओरिएबाईंना होता. वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, कात्र्या चार. दादांनी भर गल्लीत विचारलं, “नवरा कुठे लपवलाय?”

ओरिएबाईंनी आधी दादांकडे पाहिलं, मग किनुबाईंकडे. किनुबाई गप्प राहिल्या. तिथेच सगळं बिनसलं. चाळीस वर्षं दोघी रोज चारला सार्वजनिक न्हाणीघरात जात, एकमेकींची पाठ घासत. आता किनुबाई तीनला जात आणि ओरिएबाई पाचला.

“पाठीला हात पुरत नाही गं,” किनुबाई मित्सुयोला म्हणाल्या. “फळं गेली तर गेली. ओरिए गेली तर मी कुणाशी भांडू?”

त्या संध्याकाळी मित्सुयोने मासा काढायला फ्रीजरचं दार उघडलं. आत ताटलीवर बर्फाचे पाच ससे बसले होते. कान नान्तेनच्या पानांचे, डोळे नान्तेनच्या फळांचे.

“दादा, हे काय?”

“खासगी पत्रव्यवहार,” दादा लाजले. “बर्फ पडला की पहाटे कुणीतरी दारात ठेवून जातं. चाहती असावी. बिचारी आपल्या दारातला बर्फही काढून ठेवते.”

“आपल्या दारातला बर्फ तू काढतोस ना?”

“पहाटे? मी विचार करत असतो.”

“घोरत?”

मित्सुयोने ताटली उचलली आणि थेट न्हाव्याचं दुकान गाठलं. दादा मागे धावत होते, “पुरावा वितळेल!”

किनुबाईंचे यजमान गेन्झो वस्तऱ्याला धार लावत होते. ससे बघून त्यांचा हात थांबला.

“चाहती?” ते म्हणाले. “अहो, टोमणा होता तो! सगळी गल्ली आपापल्या दारातला बर्फ काढते. तुमच्या दारातला मी काढतो, एक्क्याऐंशीव्या वर्षी. म्हटलं, डोळे मोठे केलेला ससा ठेवला तर यांना लाज वाटेल. हे फ्रीजरमध्ये ठेवतात!”

“आणि ओरिएवर आळ आला तेव्हा तोंडाला कुलूप?” आतून बाहेर येत किनुबाई कडाडल्या.

“तुझ्या कुंडीतली फळं होती ती. तुझ्यापुढे बोलायची माझी टाप आहे का?”

“पुरावा योग्य तापमानात जपल्यामुळेच केस सुटली, याची नोंद व्हावी,” दादा म्हणाले. मित्सुयोने त्यांच्या हातात फावडं दिलं.

दुसऱ्या दिवशी तीनला किनुबाई टॉवेल घेऊन दारातच थांबल्या. साडेतीन झाले. ठीक चारला ओरिएबाई बाहेर आल्या.

“चुकलं माझं,” किनुबाई म्हणाल्या.

“माहीत आहे. चल, पाठ घासते.” ओरिएबाईंनी पिशवी उघडून दाखवली. “पण आज कुंड्या घासायचा ब्रश घेतलाय.”

किनुबाई मुकाट्याने पुढे झाल्या.