पेहराव पाहणी उपसमिती

लिंबागणेशच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. वारा गावाचा, वीज कुठं जाते ते गावाला ठाऊक नाही.

मोहनरावांना फ्लेक्सवर आपला फोटो उजव्या कोपऱ्यात लागतो. डाव्या कोपऱ्यात ते स्वतःला ओळखत नाहीत.

एका शिलाई मशीनचा पट्टा ऐन थंडीत तुटला.

घाटनांदूरच्या कडूबाईंची पुतळ्याची माळ इतकी वर्षं कपाटात आहे, की माळेपेक्षा कुलूप जास्त झिजलं आहे.

बीडच्या कापडबाजारात दुकानाच्या पायरीवर एक माणूस पिशवी धरून उभा होता आणि फोनवर कुणाला तरी आपल्या पेन्शनच्या फाइलीची हकिकत मोठ्यानं सांगत होता.

सोनाराच्या दुकानात काळी मखमल असते. तिच्याकडं कोणी बघत नाही. तिचं कामच ते.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, ही बाब राधाकिशनरावांच्या निदर्शनास कोणी आणून दिली नव्हती.

राधाकिशनराव निवृत्त ग्रामसेवक. नोकरीत त्यांनी एकही निर्णय एकट्यानं घेतला नाही, म्हणून एकही चौकशी मागं लागली नाही. निवृत्तीनंतर कार्यालय सुटलं, भाषा सुटली नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ते गीताबाईंना म्हणत, "सदर भाजीबाबत फेरविचार व्हावा." गीताबाई "गिळा गुमान" असा शेरा मारून प्रकरण निकाली काढत.

त्यांच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं, लग्न बीडच्या प्रविणशी ठरलं होतं. लग्नाआधी नवरानवरीनं माळावर, पाण्यात किंवा परक्याच्या घोड्यावर फोटो काढायचे, हे आता साखरपुड्याइतकंच सक्तीचं झालं आहे. सक्ती कोणी केली ते मात्र कुठंच आढळून येत नाही. या फोटोंसाठी प्रियदर्शनीनं स्वतःचा पेहराव स्वतः शिवला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शिवला. पट्टा तुटला तेव्हा हातानं शिवला. मशीनच्या आवाजानं बातम्या ऐकू येत नाहीत, अशी तोंडी तक्रार राधाकिशनरावांनी त्या काळात वेळोवेळी केली होती.

एका सकाळी ती जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"पप्पा, एक काम करता का? हे सोडून बघा, अन् ह्याच्यावर सोन्याचं काय शोभंल ते तुमीच सांगा. एकच डागिना घालायचाय. जास्ती घातलं की कपडा झाकून जातो. आईला इचारलं तर ती म्हणती, समदंच घाल."

"पण मीच कावून?"

"मला वाटतंय तुमी बघावं. बस."

राधाकिशनरावांना भरून आलं. त्यांनी गाठीला हातही घातला. पण गाठीला हात लागताच आतला ग्रामसेवक जागा झाला. दागिना ठरवायचा म्हणजे कुणाचा तरी दागिना नाकारायचा. घरातल्या मागच्या लग्नात थोरल्या वहिनींची, सुरेखाबाईंची, ओटी भरायला उशीर झाला होता. त्या अजून त्यांना पाण्याचा पेला डाव्या हातानं देतात.

"तुझ्या कपड्याला न्याय मिळंल," ते म्हणाले. "शब्द देतो. फक्त विषय बैठकीपुढं ठेवू."

गाठ तशीच राहिली.

बैठकीची बातमी फुटली ती अशी, की राधाकिशनरावांच्या घरी सोनं निवडायचं काम निघालंय. घाटनांदूरहून त्यांची बहीण कडूबाई एसटीनं आली. पुतळ्याची माळ तिनं पदराखाली घातली होती, आणि बसमध्ये कोणी बघितलं की ती खोकायची, त्यामुळं बीडपर्यंत तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. सुरेखाबाई पाटल्या घेऊन आल्या. "आमाला कोण इचारतंय, भाऊजी," त्या म्हणाल्या, "ठेवा कुठंबी. घातल्या तर घातल्या." हे वाक्य ऐकताच राधाकिशनरावांनी पाटल्यांची नोंद ताबडतोब घेतली. मागचं लग्न याच वाक्यानं सुरू झालं होतं.

सगळ्यात शेवटी गीताबाईंचे भाऊ मोहनराव पांढऱ्या गाडीतून उतरले. मोहनराव तालुक्याचे पुढारी. त्यांनी बायकोचा राणीहार आणि कमरपट्टा आणला होता, आणि बायकोला घरी ठेवलं होतं.

"दाजी," ते म्हणाले, "भाचीच्या फोटोत मामाचा राणीहार न्हाई दिसला, तर तालुक्यात तोंड कुठं दाखवू?"

"तुमचं तोंड तालुक्यात खांबाखांबावर हाय," कडूबाई म्हणाली. "माझ्या माळंला जागा करा."

प्रियदर्शनी दारात आली. "पप्पा, आधी कपडा..."

"कामकाज चालू आहे, बाळा."

पहिला ठराव असा झाला, की आलेला कोणताही दागिना नाकारण्यात येऊ नये. तो सर्वानुमते झाला, कारण नाकारणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन आला होता.

दुसरा ठराव गळ्याचा. गळा एकच असल्यामुळं उपलब्ध जागेची मोजणी करणं प्राप्त होतं. मशीनच्या खणातून टेप आणली गेली. प्रियदर्शनीला मधोमध उभं करून हनुवटीपासून खाली मोजत आले. सर्वांत वर आईची ठुशी. त्याला हरकत नव्हती. त्याखालची जागा आत्याची की मामाची, यावर चहा थंड झाला.

"आत्या आगुदर," कडूबाई म्हणाली. "हिला बाळंतपणात न्हाऊ घालाय मी आलते. मामा कुठं गेलता तवा?"

"मी प्रचारात होतो, आक्का."

"मंग तितंच ऱ्हायचं की."

शेवटी गावात सरपंचपद वाटून घेतात तोच तोडगा निघाला. फोटोंच्या पहिल्या टप्प्यात माळ वर, राणीहार खाली. दुसऱ्या टप्प्यात माळ राजीनामा देईल.

तेवढ्यात गीताबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "आन् कपड्याचं काय? लेकरानं बोटं टोचून घेतलीत. येकानं तरी बघा."

हा मुद्दा रास्त आहे, असं बैठकीचं मत पडलं. रास्त मुद्द्यांसाठी जे करतात ते करण्यात आलं: पेहराव पाहणी उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष मोहनराव, सदस्य सुरेखाबाई आणि कडूबाई, निमंत्रक राधाकिशनराव. पाहणी चहानंतर ठरली. चहानंतर मोहनरावांना फोन आला. "मी न्हाई बघणार एकटी," सुरेखाबाई म्हणाल्या, "मागून माझ्यावर येतंय." त्या बघत नाहीत म्हणून कडूबाईनंही बघितलं नाही. सबब, पेहराव दागिन्यांना अनुरूप आहे असं गृहीत धरण्यात आलं. गाठोडं खाटेवर होतं. फोनवर बोलताना मोहनरावांनी त्याचा लोड केला होता.

संध्याकाळी प्रविणचा फोन आला.

"पप्पा, आई म्हणती आमच्याकडची मोहनमाळ बी फोटोत पायजे. मी म्हणलं, आधी कपड्यावर सूट होती का बघू. तर म्हणती, कपडा मोहनमाळंला सूट होतो का ते बघा."

"उपसमितीचा अहवाल अनुकूल आहे," राधाकिशनराव म्हणाले.

फोटोच्या दिवशी माळावर वारा मोकाट सुटला होता. वाटेत कुणाच्या नजरेला सोनं पडू नये म्हणून कडूबाईनं प्रियदर्शनीला मानेपासून घोट्यापर्यंत घोंगडीत गुंडाळून आणलं. ज्याचा त्याचा दागिना ज्याच्या त्याच्या हाताच्या टप्प्यात राहावा, अशी सर्वांची अट होती. त्यामुळं पवनचक्कीखाली नवरानवरी आणि त्यांच्याभोवती हात लांब केलेले नातेवाईक, असं दृश्य तयार झालं. राधाकिशनराव रस्त्याकडं तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवून उभे होते. ही जबाबदारी त्यांनी स्वतःकडं स्वतःच वर्ग करून घेतली होती.

घोंगडी निघाली. फोटोग्राफर हनुमान कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला.

"अडचण हाय," तो म्हणाला. "कपड्याचं काम लई बारीक झालंय. नजर तिकडंच जाती. सोनं मार खातंय."

प्रियदर्शनीच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा हसू आलं. ते टिपायला हनुमाननं बटण दाबलं नाही. तो मोहनरावांकडं बघत होता.

"सोनाराकडं बघितलं का सोनं कशावर ठिवतेत?" मोहनराव म्हणाले. "काळ्या मखमलीवर. कावून? तर मखमल मधी मधी करत न्हाई."

त्यांनी फोन लावला. बीडहून मखमलीचा ताठ तागा गाडीत बसून आला. सुरेखाबाई आणि कडूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं काम केलं, आणि प्रियदर्शनी गळ्यापासून पायापर्यंत टाचण्यांनी मखमलीत बसवली गेली. वर ठुशी, माळ, राणीहार, मोहनमाळ, पाटल्या आणि कमरपट्टा. आता सगळं उठून दिसत होतं.

"झालं का?" राधाकिशनरावांनी वळून विचारलं.

"पप्पा, कपडा दिसत न्हाई."

"नोंद घेण्यात आली आहे."

तिनं पायानं मखमलीचं टोक थोडं सरकवलं. तेवढा काठ तरी फोटोत यावा. कडूबाईनं खाली वाकून ते टोक परत ओढलं आणि वर एक दगड ठेवला. वारा होता.

फ्लेक्स चौकात लागला. त्यावर प्रत्येक दागिन्याला बाण होता आणि बाणाच्या शेपटीला नाव: सौजन्य मामा, सौजन्य आत्या, सौजन्य थोरल्या काकू, सौजन्य सासरची मंडळी. खाली शुभेच्छुकांची रांग. उजव्या कोपऱ्यात मोहनराव, नवरदेवापेक्षा वीतभर मोठे. लोक येत होते, जो तो आपल्या बाणावर बोट ठेवत होता आणि समाधानानं मागं सरत होता. प्रविणनं मोहनमाळेचा फोटो काढून आईला पाठवला, "झकास आलीय." सुरेखाबाईंनी राधाकिशनरावांना पाण्याचा पेला दिला. उजव्या हातानं.

अख्ख्या लग्नघरात एकही माणूस रुसलेला नव्हता. राधाकिशनरावांना वाटलं, नोकरीत असताना हे जमलं असतं तर गाव आदर्श झालं असतं.

प्रियदर्शनी येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघं वर बघत होते.

"पप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"माझा कपडा कोणत्या रंगाचा हाय?"

राधाकिशनरावांनी फ्लेक्सकडं बघितलं. वरून खाली बघितलं, बाणाबाणानं बघितलं. मग उपसमितीच्या अध्यक्षांकडं बघितलं. ते आपला कोपरा बघत होते. कडूबाई माळ मोजत होती. प्रविण फोनमध्ये होता. शेवटी त्यांनी मोठ्या आशेनं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पहिल्या बैठकीपासून इथं आहात. माळ वर की राणीहार वर, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. एवढा वेळ बसलात, तेव्हा मधे कधीतरी तुम्ही विचारलं असेलच.

तुम्हाला मखमलीचा रंग आठवला.

"सदर माहिती..." राधाकिशनरावांनी सुरुवात केली आणि ते थांबले.

त्या दिवशी कापडबाजारात, दुकानाच्या पायरीवर, राधाकिशनरावांनी धरलेल्या पिशवीत प्रियदर्शनीनं निवडलेलं चिंतामणी रंगाचं रेशीम होतं.