केळुसकरांची चूक

नंदकिशोर केळुसकरांना हार्ट अटॅक आला ही बातमी मुलुंडच्या शुभंकर सोसायटीत पसरली, तेव्हा आधी कोणाचा विश्वास बसेना आणि मग कोणाला आनंद लपवता येईना.

सोसायटीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. "आजार येत नाही, आपण तो आणतो," हे केळुसकरांचं ब्रीद होतं आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक आजारी माणसाला त्यांनी ते त्याच्या उशाशी बसून ऐकवलं होतं. कोणी अंथरुणाला खिळलं की हे गृहस्थ शहाळं घेऊन हजर. शहाळं टेबलावर टेकवलं की उलटतपासणी सुरू. चहा किती घेता? झोपता कधी? लोणचं? कुठे ना कुठे माणूस सापडायचाच. मग "वाटलंच मला" असं म्हणून केळुसकर समाधानाने उठायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या मिहिरला रिक्षाने उडवलं तेव्हासुद्धा त्यांनी रिक्षावाल्याला निर्दोष सोडलं आणि मिहिरच्या जागरणांवर ठपका ठेवला. बायकोचा धाकटा भाऊ दशरथ हार्ट अटॅकने गेला, तर या माणसाने स्मशानात चार जणांना बाजूला घेऊन त्याच्या पापड खाण्याचा पाढा वाचला. त्यांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, ते ऐकलं होतं. आणि लक्षात ठेवलं होतं.

स्वतःचं घर त्यांनी कडक ठेवलं होतं. वीस वर्षं त्या स्वयंपाकघरात काही तळलं गेलं नव्हतं. वनमालाबाई माहेरच्या वेंगुर्ल्याच्या. तळलेल्या बांगड्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, पण लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला आरोग्याचा साक्षात्कार झाला आणि बांगड्याच्या जागी उकडलेला दुधी आला, तो कायमचा. अशा माणसाला सकाळी गच्चीवर कपालभाती करताना छातीत कळ यावी, ही म्हणजे कमालच झाली. "गॅस आहे, गॅस," असं ते स्ट्रेचरवरूनही सांगत होते.

स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझं चुकलं कुठे?"

"काही चुकलं नाही काका. घरात कोणाला होतं का?"

"वडिलांना. पण ते तंबाखू खायचे."

"असू दे. अंगात असतं काहींच्या. तुम्ही नीट राहिलात म्हणून इतक्या उशिरा आला आणि थोडक्यात निभावलं. पण सगळंच आपल्या हातात नसतं ना."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून धीर आला असता. केळुसकरांना ते लागलं. "हल्ली शिकवत काय असतील यांना!" एवढंच ते बायकोला म्हणाले.

ते घरी आले त्या रविवारी शहाळ्यांची रांग लागली. पहिल्या मजल्यावरच्या रेवतीबाई आल्या, जिमला जाणारा शेजारचा सुबोध आला, तळमजल्यावरचे अण्णा आले. ऐंशी ओलांडलेले अण्णा दिवसभर तपकीर ओढत आणि शेव चघळत गेटपाशी बसून असत. ते अजून जिवंत आहेत ही गोष्ट केळुसकर स्वतःवरचा वैयक्तिक हल्ला समजत. मिहिर काठी टेकत दाराशीच उभा राहिला. मजा चुकवायची नव्हती त्याला.

"काका, साखर लपूनछपून?" सुबोधने सुरुवात केली.

"वीस वर्षं शिवलो नाही."

"तेलकट?"

"घरात तेलाची पिशवी महिनोन्‌महिने टिकते," वनमालाबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

"जागरण करत असाल," दारातून मिहिर म्हणाला.

"नऊला झोपतो मी!"

"मग टेन्शन घेता का हो फार?" रेवतीबाईंनी मायेने विचारलं.

"हे टेन्शन घेत नाहीत," वनमालाबाई म्हणाल्या. "देतात."

हशा पिकला, पण फार टिकला नाही. प्रश्न संपत आले होते आणि माणूस सापडत नव्हता. रेवतीबाईंचा हात नकळत छातीपाशी गेला. सुबोधचा तर रंगच उडाला. हा पोरगा सकाळी अंड्याचा पांढरा भाग आणि संध्याकाळी ओट्स खाऊन, चवीचं नावही न घेता जगत होता.

"म्हणजे काका, सगळं नीट करूनपण आला? मग यार, आमचं काय?"

बघायला आलेली मंडळी एकाएकी पेशंटसारखी दिसू लागली. तेवढ्यात अण्णांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि शांतपणे म्हणाले, "अरे नंद्या, नशीब म्हणतत तेका. आजार काय इचारून येता? माका बघ."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. केळुसकरांनीही बघितलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. नशीब! मग मिहिरचा पाय? मग त्या सगळ्या उशा, ती सगळी शहाळी? मग उद्या पुन्हा कळ आली तर ती थांबवायला त्यांच्या हातात उरलं काय? समोर दोनच वाटा होत्या. एक तर आपण आयुष्यभर बरळत होतो, किंवा आपण चोरून खात होतो. केळुसकरांना फार विचार करावा लागला नाही.

"नशीब वगैरे काही नसतं अण्णा," ते खाकरून म्हणाले. "चूक माझीच आहे. मी खायचो."

"काय?" सुबोध पुढे सरकला.

"बांगडा. तळलेला. मरोळला ऑफिसच्या मागे एक खानावळ होती. रिटायर होईपर्यंत रोज दुपारी."

"रोज?" रेवतीबाईंचा चेहरा उजळला.

"रोज. कधीकधी दोन."

"आणि मी पाठवायची तो डबा?" वनमालाबाईंनी विचारलं.

आता माघार घेता येत नव्हती. "वॉचमनला द्यायचो," केळुसकर छताकडे बघत म्हणाले.

"वाटलंच मला!" रेवतीबाई म्हणाल्या. खोलीत जीव आला. सुबोधने "वाचलो रे बाबा" म्हणत सुस्कारा सोडला, स्वतः आणलेलं शहाळं स्वतःच फोडून प्यायलं आणि केळुसकरांना वर अर्धा तास आहारावर व्याख्यान दिलं. मिहिरने तर जाताना त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मंडळी हसतखिदळत जिना उतरली. अण्णा तेवढे मान हलवत गेले.

केळुसकर उशीला टेकले. इज्जत गेली होती, पण सिद्धांत वाचला होता आणि त्यांना तो सौदा बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जाग आली ती वासाने. स्वयंपाकघरात काहीतरी चुरचुरत होतं. ते भिंतीला धरत टेबलापाशी आले. त्यांच्या ताटात उकडलेला दुधी होता. समोरच्या ताटात रव्यात घोळवून तळलेले दोन बांगडे होते, शेजारी सोलकढीची वाटी होती आणि वनमालाबाई नवीन लग्न झालेल्या मुलीसारख्या मन लावून काटा काढत होत्या.

"हे काय?"

"तुम्ही इतकी वर्षं खाल्लेत," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी. रोज. कधीकधी दोन."

वासाने केळुसकरांच्या तोंडाला पाणी सुटलं. डोळ्यांतही आलं असावं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, ते खरं नव्हतं. मी एकही बांगडा खाल्ला नाही. देवाशपथ."

"माहीत आहे मला," वनमालाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी परत आलेला डबा उघडला की तुमच्या रोजच्या चिठ्ठ्या असायच्या त्यात, दुधी जरा जास्त शिजलाय म्हणून. वॉचमन कशाला लिहील?"

"मग?"

"मग अटॅक कशाने आला ते सांगा. उगाचच आला ना? चालेल. तसाच माझ्या दशरथलाही आला असेल." त्यांनी शोकेसमधल्या भावाच्या फोटोकडे बोट केलं. बोटाला रवा लागला होता. "त्याच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, दशरथ, तुझं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. एवढं म्हणा. हे दोन्ही बांगडे उचलून मांजराला घालून येते आणि उद्यापासून तुमच्याबरोबर दुधी खाते."

फोटोतला दशरथ हसत होता. केळुसकर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. एकदा त्यांचे ओठ हललेसुद्धा. वनमालाबाईंचा घास हातातच थांबला.

मग केळुसकर मागे फिरून खुर्चीत बसले, त्यांनी दुधीची फोड चमच्याने मोडली आणि खाली मान घालून म्हणाले, "मरोळचा बांगडा जरा मोठा असायचा."

वनमालाबाईंनी घास तोंडात घातला आणि दुसरा बांगडा पुढे ओढला.