सुपभर जोंधळ्याला विकलेला सटवा

राज्यातल्या प्रत्येक माणसाला नाव आहे, पण त्या नावाचा अर्थ सरकारदरबारी कुठेच नोंदलेला नाही, ही गंभीर बाब एका उच्चस्तरीय बैठकीत चहाची वाट पाहताना लक्षात आली. अर्थाची खात्री न करता आपण इतकी वर्षे दाखले आणि ओळखपत्रे वाटत बसलो, याचे उपस्थितांना फार वाईट वाटले. चहा येईपर्यंत 'नामार्थ पडताळणी अभियान' जन्माला आले होते. आईबापांनी घातलेले बारसे हे तात्पुरते समजावे आणि नामार्थ दाखला मिळाल्यानंतरच माणसाने ते नाव कायम वापरावे, असा आदेश निघाला.

नांदूरघाटाच्या पलीकडे वस्तीवर राहून साठेक शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या सटवा कोकरेला हे कळायचे काही कारण नव्हते. हाक मारली की ओ द्यायची, यापलीकडे नावाकडून त्याची कसलीच अपेक्षा नव्हती. पण त्याची मुलगी सायली बारावी झाली, बीडच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागली, आणि कॉलेजच्या खिडकीतून तिचा अर्ज परत आला. मुलीच्या नावात बापाचे नाव असल्याने बापाचा नामार्थ दाखला शुक्रवारपर्यंत आणावा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.

"आप्पा, तुमचं नाव मधी हाय, तिथंच अडलंय," सायली म्हणाली.

"मंग काढ की मला मधनं."

"काढता येत न्हाई. बाप हाव तुमी."

"ते बी खरंच हाय," सटवा म्हणाला, आणि मंगळवारी मेंढरे भावकीत सोपवून तालुक्याला गेला.

कचेरीबाहेरच्या लिंबाखाली तानाजीचे दुकान होते. तानाजी पूर्वी झेरॉक्स काढायचा, आता अर्थ काढायचा. 'सर्व नावांचे व आडनावांचे अर्थ पुराव्यासह मिळतील' अशी पाटी होती आणि मालात तीन प्रती होत्या: साधा, सरदारी आणि राजवंशी. गर्दी सरदारीला होती. नुकतेच एक उंदरे येऊन गेले, त्यांच्या खापरपणजोबांनी भुयार खणून किल्ला घेतल्याचे निघाले. त्यांच्यामागे झोपे उभे होते. ते घराणे शत्रूची झोप उडवणारे निघाले.

"तुला कुठला देऊ बे?" तानाजीने विचारले.

"मला कशाला? माझ्या नावाचा अर्थ मला ठावं हाय की."

तानाजीचा हात प्रिंटरवरच थांबला. "खरा?"

"खराच."

"खरा घिऊन आत निघालास? जा बाबा. मी हितंच हाय."

आत अव्वल कारकून धर्मराज मुंगसे बसले होते. त्यांच्या डोक्यावर त्यांचा स्वतःचा दाखला चौकटीत टांगला होता: 'मुंगसे : समाजातील विषारी प्रवृत्तींचा निःपात करणारे न्यायाधीश घराणे.' त्यांनी कोरा नमुना पुढे ओढला.

"सटवा म्हणजे काय?"

"सटवाईचा."

"ह्या बाई कोण?"

"पाचवीला येती की. लेकराच्या कपाळावर लिहून जाती."

"म्हणजे अधिकार नसताना नोंदी घेतात," धर्मराज लिहीत म्हणाले. "बरं, हेच नाव ठेवण्याचे कारण?"

सटवाला वाटले, माणूस आपुलकीने विचारतोय. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या आदी मायची तीन लेकरं गेली, सायेब. मी झालो तवा मायनं मला सटवाईला वाहिलं, आन गावातल्या केसरबाईला इकलं. सुपभर जोंधळ्याला."

धर्मराजांची लेखणी थांबली. "विकलं?"

"तशी रीतच हाय आमच्यात. मरणाला वाटावं, हे लेकरू या घरचं न्हाईच, मंग त्येच्या मागं कावून लागायचं. जगलो बघा मी."

"परत खरेदी कधी झाली?"

"परत कशाला? मी तर घरीच व्हतो."

"म्हणजे व्यवहार पूर्ण, मोबदला अदा, ताबा मात्र दिलेला नाही," धर्मराज स्वतःशीच पुटपुटले. त्यांच्या नोकरीत इतके स्वच्छ प्रकरण क्वचितच आले होते.

बुधवारी सटवाला पत्र मिळाले. अर्जदाराने स्वमुखाने दिलेल्या जबाबानुसार तो श्रीमती केसरबाई यांना कायमचा विकला गेला असून, कोकरे हे आडनाव तो अठ्ठेचाळीस वर्षे विनापरवाना वापरत आहे. त्याच्या मुलीनेही ते तसेच पुढे चालवले आहे. तसेच अर्जदाराच्या दिवंगत मातोश्रींनी मृत्यू या यंत्रणेची दिशाभूल केल्याचे प्रथमदर्शनी दिसते. दाखला हवा असल्यास केसरबाईंच्या अंगठ्याने विक्री रद्द करून घ्यावी. अशा रद्दबातल व्यवहाराने ज्याचे हितसंबंध बाधित झाले, त्यालाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागेल.

म्हणून गुरुवारी सकाळी कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली. 'सर्व संबंधितांस, विशेषतः मृत्यूस कळविण्यात येते की, सटवा हे अपत्य केसरबाई यांचे नसून मूळ कोकरे घराण्यातीलच आहे. याबाबत काही म्हणणे असल्यास समक्ष हजर राहावे.'

सटवाला वाचता बेताचेच येत होते, पण एवढे आले. त्याने खाली वाकून नोटिशीला नमस्कार केला आणि मग भिंतीपासून थोडा लांब जाऊन बसला.

दुपारी केसरबाई आली. ऐंशी पार केलेली, बागायती घरची मालकीण, नातवाच्या जीपमधून उतरली आणि काठी वाजवत थेट टेबलापाशी गेली.

"आजी, फक्त अंगठा द्या," धर्मराज म्हणाले. "सटवा यांस मूळ घराण्याकडे परत केले, एवढंच लिहिलंय."

"न्हाई द्यायची."

"का बरं?"

"का म्हंजी? अक्कल चराया सोडली का रं? त्येच्या मायनं ह्यो माझ्या वट्यात घातला तवा म्हणली, बाय, कुणाला सांगू नगंस ह्यो माझा हाय म्हणून. मी मेल्यावर बी सांगू नगंस. एवढी वरसं मी बोलले न्हाई. आन तू भिताडावर कागद डकवतूस? मरणाच्याच नावानं?"

"आजी, ती केवळ प्रक्रिया आहे. मृत्यू काही खरोखर सुनावणीला येत नाही."

"समद्या गावात आला. तुझ्याच हापिसात येत न्हाई व्हय?"

धर्मराजांनी नकळत दाराकडे पाहिले. केसरबाई बाहेर आली, नोटीस फाडली, चार घड्या घालून चंचीत ठेवली आणि कमरेला खोचली. मग लिंबाखाली बसलेल्या सटवासमोर उभी राहिली.

"केसरमाय, पोरीची जागा जातीय," तो म्हणाला. "दे की अंगठा. मी मरत न्हाई लगीच."

"तुझं तू मर, पर माझ्या हातानं न्हाई. खोटं बोल की रं बाबा! तुझी माय मरणासंगट खोटं बोलली, तुला कचेरीसंगट बोलाया येईना व्हय?"

शुक्रवारी सकाळी सटवा तानाजीपुढे उभा राहिला. "सरदारी दे."

प्रिंटर घरघरला. सटवा म्हणजे सप्तदुर्गांचे रक्षण करणारा. कोकरे म्हणजे बलाढ्य शत्रूसही कोकरू समजणारे घराणे. जोडीला एका तलवारीचे चित्र होते. तेच मंगळवारी उंदऱ्यांना आणि झोप्यांना दिले होते.

धर्मराजांनी कागद वाचला आणि खुर्चीवरून उठले. "बसा ना सरदार. असे काय उभे?" त्यांनी साक्षीदार विचारला नाही, पुरावा विचारला नाही. सुपाचा आणि जोंधळ्याचा तर विषयही काढला नाही. दहा मिनिटांत शिक्का बसला आणि चार वाजता सायली सटवा कोकरे या मुलीचा बीडमध्ये प्रवेश झाला.

वर्ष संपता संपता अभियानाचा अहवाल आला. तालुक्यात किल्ला एकही नव्हता, पण किल्लेदार अकरा हजार निघाले. सेनापती मोजण्याचे काम मध्येच सोडून द्यावे लागले. मात्र मेंढरे राखणाऱ्याचा, माती कालवणाऱ्याचा, ओझी वाहणाऱ्याचा किंवा दुसऱ्याचे शेत कसणाऱ्याचा एकही वंशज पडताळणीत आढळला नाही. या सगळ्या सरदारांचे घोडे कोण चारत होते, हा प्रश्न नमुन्यात नसल्याने कुणी विचारला नाही. अहवालाच्या शेवटी शिफारस होती: तालुक्यात मेंढपाळ घराणेच नसल्याने गायराने राखून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही, सबब त्या जागी सरदार गौरव उद्याने उभारावीत.

एका सकाळी सटवा मेंढरे घेऊन गायरानाला गेला, तर तारेचे कुंपण होते. आत सिमेंटच्या घोड्याचे पाय तेवढे तयार झाले होते. मेंढरांनी कुंपणाला तोंडे लावली. सटवाने सायलीला फोन लावला.

"आप्पा, हरकत घ्या की! आपुन मेंढरंवाले हाव म्हणून सांगा."

"सांगतो. पर मंग आपला दाखला खोटा ठरतुय. तुझी जागा जाती."

मग सायली हळूच म्हणाली, "सोमवारपसून परीक्षा हाय माझी."

"मंग न्हाई घेत," सटवा म्हणाला, आणि मेंढरे घेऊन रस्त्याच्या कडेने लांबच्या माळाकडे वळला.

हरकतींसाठी सरकारने पूर्ण तीस दिवस दिले होते. प्रत्येक घराण्याचे नाव आणि त्याखाली अर्थ, अशी यादी चावडीवर लावली होती, संकेतस्थळावरही टाकली होती. अट एकच होती. आपल्या नावाचा खरा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याने स्वतः यावे आणि दोन साक्षीदारांसमोर तो मोठ्याने सांगावा. मुदत संपली तेव्हा धर्मराजांनी नोंदवही उघडून पाहिली. एकही हरकत आली नव्हती. तुमचीही नाही.