साकोलीचे वस्तुदर्शन मंडळ आणि एक कोरा स्टोव्ह

वस्तू विकत घेणे आणि वस्तू वापरणे ह्या दोन स्वतंत्र क्रिया असून, दुसरीच्या नादी लागल्यामुळे पहिलीतला आनंद आजवर असंख्य कुटुंबांनी हातचा घालवला आहे. वापरायला काढली की वस्तू जुनी होते, जुनी झाली की बिघडते, आणि बिघडली की चारचौघांत दाखवता येत नाही. हे शास्त्र मोठमोठ्या शहरांच्याही ध्यानात आलेले नसताना भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीला ते १९७५ सालीच उमगले, आणि साकोली नुसती समजून बसली नाही. तिने मंडळ काढले.

मंडळाचे नाव ‘यांत्रिक वस्तुदर्शन मंडळ, साकोली’. (नोंदणी नाही. नोंदणीचा अर्ज आणलेला होता. तो कोरा राहावा म्हणून भरला नाही.) बैठक दर रविवारी दुपारी तीनला, हायवेला लागून असलेल्या श्यामरावांच्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत. अध्यक्ष वासुदेवराव, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. चिटणीस टिकाराम, जो एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता आणि त्यामुळे न घडलेल्या गोष्टींची वेळेवर नोंद करण्यात तरबेज होता. बाकीचे धरून एकूण सभासद अकरा.

दर्शनाची पद्धत ठरलेली होती. आधी खोके. ते चारी बाजूंनी फिरवून दाखवायचे. मग गॅरंटी कार्डाचे वाचन. कार्ड इंग्रजीत असे आणि गुरुजी ते उभे राहून, चष्मा पुसून, शेवटच्या टिंबापर्यंत वाचत. अर्थ कोणी विचारत नसे. मग खोक्यातला भुसा किंवा कागदाच्या पट्ट्या. आणि सर्वांत शेवटी वस्तू. पाहणाऱ्यांनी तीन हात अंतर ठेवायचे आणि श्वास नाकाने घ्यायचा. (तोंडाच्या वाफेने निकेल काळे पडते, असे श्यामरावांचे मत होते, आणि जागा त्यांची असल्याने ते मत टिकून होते.) मग वस्तू परत खोक्यात, खोके पिशवीत, आणि पिशवी सायकलच्या दांडीला न लावता छातीशी धरून घरी.

१९७८ अखेर मंडळाने एकेचाळीस वस्तूंचे दर्शन घेतले होते. पैकी वापरलेल्या: शून्य. टिकारामच्या ट्रान्झिस्टरमध्ये सेल नव्हते, कारण सेल पाझरतात. गुरुजींच्या प्रेशर कुकरची शिट्टी मंडळाने एकदाच ऐकली, ती गुरुजींनी तोंडाने वाजवून दाखवली तेव्हा. श्यामरावांच्या कॅमेऱ्यात रोल घातलेला नव्हता. त्याच कॅमेऱ्याने मंडळाचा वार्षिक ग्रुप फोटो चार वर्षे काढला गेला, आणि चारही वर्षे सभासद घडीचे कपडे घालून, केस पाण्याने चापून, हालू नये म्हणून दम धरून बसले. फोटो चांगलेच आले असणार, ह्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

अशा ह्या मंडळात खुशाल शिरला तो पंक्चर काढायला. साकोलीपासून दोन कोसांवरच्या गावचा हा धानाचा शेतकरी, माणूस तसा सरळ. श्यामराव सोल्यूशन वाळायची वाट पाहत असताना मागच्या खोलीत त्याने बाकीची दहा माणसे एका इस्त्रीसमोर हात जोडल्यासारखी बसलेली पाहिली, आणि गडी कामातून गेला. पुढच्या रविवारी सायकल धडधाकट असून आला. त्याच्या पुढच्याही आला. शेवटी गुरुजींनी त्याला उमेदवार सभासद करून घेतले आणि नियम समजावला: स्वतःची एक वस्तू घ्यायची, दर महिन्याला तिचे दर्शन द्यायचे, ती आठ महिने कोरी ठेवायची, शेवटी मंडळ घरी येऊन तपासणी करणार, आणि मग कायम सभासदत्व व पितळी बिल्ला. (बिल्लाही डबीतून काढायचा नाही.)

खुशालला तो बिल्ला हवा होता. गावात त्याला कोणी काही विचारत नसे. साकोलीला अकरा माणसे त्याला ‘खुशालभाऊ’ म्हणून सरकून जागा देत होती. माणसाला आणखी काय पाहिजे असते?

वस्तू कोणती घ्यायची, ह्याचा निर्णय मात्र त्याच्या बायकोने, रुखमाने, आधीच करून ठेवला होता. तिचा डावा डोळा चुलीच्या धुराने कायम लाल असे आणि पाझरे. साकोलीच्या डॉक्टरने थेंब दिले होते आणि सांगितले होते की धुरातून उठली नाही तर ह्या डोळ्याचा भरवसा नाही. तिचा भाऊ चिखल्याला मँगनीजच्या खाणीत होता. त्याच्या बायकोकडे, जिजाकडे, पंपाचा स्टोव्ह होता. रुखमा तिथे पंधरा दिवस राहून आली तेव्हा डोळा निम्मा बरा होऊन आला होता. तेव्हा स्टोव्हच घ्यायचा, हे ठरले. जानेवारीत धान विकून खुशालने पितळी स्टोव्ह आणला. रुखमाने तो यायच्या आतच चुलीशेजारचा कोपरा शेणाने सारवून ठेवला होता.

खुशालने स्टोव्ह आणला, मंडळात नेला, दर्शन दिले, परत आणला आणि उंच फळीवर खोक्यासकट ठेवून वर एक झेंडूचे फूल वाहिले.

“आन पेटवाचा कवा जी?” रुखमाने विचारले.

“आठ महिने थांब वं. कायदा हाय.”

“आठ महिने माहा डोळा थांबन का?”

खुशालला वाईट वाटले. खरेच वाटले, पुढ्यातला भात त्याने तसाच ठेवला. पण बिल्ला डोळ्यांसमोरून हलेना. आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे, असे तो स्वतःला म्हणाला, आणि आपण बायकोसाठी दुप्पट थेंब आणू असे ठरवून त्याने मनाची समजूत काढली.

आणि मग चमत्कार घडला. महिन्याभरात रुखमाचा डोळा सुधारू लागला. लाली गेली, पाझरणे थांबले, सुईत दोरा एका झटक्यात जाऊ लागला. खुशाल शेतावरून येई तेव्हा चूल थंड असे, भात मात्र गरम. स्टोव्ह फळीवर, फुलाखाली, जागच्या जागी. थेंबाची बाटली तर अर्धीही संपलेली नव्हती. मग गुण कशाचा आला?

खुशालने हा प्रश्न मंडळापुढे मांडला. मंडळाने दोन रविवार चर्चा केली आणि निष्कर्ष काढला, जो टिकारामच्या वहीत पुढीलप्रमाणे नोंदलेला आहे: ‘सबब असे सिद्ध होते की, स्टोव्ह घरात नुसता असल्यानेही धूर कमी होतो. वापरल्यास किती कमी झाला असता हा प्रश्न गैरलागू आहे.’ ह्याला ‘अस्तित्वाचा गुण’ असे नाव देण्यात आले. टिकारामने त्याच दिवसापासून आपल्या गुडघेदुखी असलेल्या आईला रोज तासभर बिनसेलच्या ट्रान्झिस्टरजवळ बसवायला सुरुवात केली. (म्हातारी म्हणाली, थोडे बरे वाटते. तिला बरोबर पानसुपारी मिळत असे.)

मासिक दर्शनातही हा स्टोव्ह इतर वस्तूंना मागे टाकू लागला. त्याचे पितळ दर महिन्याला अधिकच झळकत होते. चिंच आणि राख लावून घासल्यासारखे, असे कोणी तरी म्हणाले. पण हे न वापरण्याचे तेज आहे, असा खुलासा गुरुजींनी केला आणि दहापैकी दहा गुण दिले.

एकच गोष्ट खुशालला खटकत होती. घरातले रॉकेल पुरत नव्हते. कंदील तर एकच. शेवटी तो कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात जाऊन मापात मारता काय म्हणून भांडला, तरातरा घरी येऊन डबा कुठे गळतो का पाहिला, आणि डब्याला साबण लावून भोक बुजवले. भोक नव्हते, पण साबण लावल्याचे समाधान झाले.

ऑगस्टात घरतपासणी ठरली. सगळे सभासद ओळीने सायकली हाणत, चिखल चुकवत, खुशालच्या दारी आले. पावसाने सरपण चिंब झाले होते. खुशालने रुखमाला आदल्या दिवशीच हात जोडून सांगितले होते, “एक डाव निभावून ने. हे लोक गेले का मंग उद्यापासून तुहाच इस्टो.”  रुखमा म्हणाली होती, “तुमाले तो बिल्ला लयच पाह्यजे नाई?” आणि तिने चुलीशी सरपण आणून ठेवले होते.

आता तिने ओल्या लाकडांवर फुंकणी धरली आणि घर धुराने भरले. मंडळ फळीसमोर तीन हातांवर उभे होते. गुरुजी गॅरंटी कार्ड वाचू लागले. दुसऱ्या ओळीला खोकला, तिसऱ्या ओळीला डोळ्यांतून धारा. सगळ्यांचे डोळे गळत होते आणि सगळे त्या गळत्या डोळ्यांनी न पेटलेल्या स्टोव्हचे कौतुक करत होते. “वा! डाग नाही!” श्यामराव म्हणाले, ज्यांना स्टोव्हच दिसत नव्हता. टिकारामने वहीत लिहिले, ‘तपासणीप्रसंगी सभासद भावविवश झाले.’

“अस्तित्वाचा गुण,” गुरुजी खोकत म्हणाले, “आज जरा... कमी वाटतो.”

बिल्ल्याची डबी गुरुजींच्या खिशातून बाहेर आली. खुशालने हात पुढे केला. आणि तेवढ्यात त्याची नजर चुलीकडे गेली. रुखमाने डावा डोळा घट्ट मिटला होता, उजव्यालाही काही दिसत नव्हते, आणि कपबश्या हुडकत तिचा हात जमिनीवरून सरकत सरकत निखाऱ्यांकडे चालला होता. एकेक बोट पुढे.

“अवं, हात!” खुशाल ओरडला. त्याने धाव घेतली, तिचा हात धरून मागे ओढला, आणि मग काय झाले ते त्यालाही कळले नाही. त्याने लाकडांवर घागरभर पाणी ओतले, फळीवरचे खोके खाली घेतले, फूल फेकले, खोके टराटरा फाडले आणि स्टोव्ह जमिनीवर ठेवला. अकरा माणसांनी एकदम श्वास घेतला. तोंडाने.

“खुशालभाऊ,” गुरुजी म्हणाले, “विचार करा. बिल्ला जाईल.”

“जाऊ द्या ना जी! माही बायको आंधळी होऊन राह्यली आन मी बिल्ला घेऊन काय चाटू?”

त्याने काडी ओढली. आणि थांबला. काडी कुठे लावायची, हे त्याला माहीत नव्हते. त्याने श्यामरावांकडे पाहिले, श्यामरावांनी टिकारामकडे, टिकारामने गुरुजींकडे, आणि गुरुजींनी गॅरंटी कार्डाकडे. चार वर्षांत पाच स्टोव्हचे दर्शन घेतलेल्या ह्या विद्वानांत स्टोव्ह पेटवता येणारा एकही निघाला नाही. काडी खुशालच्या बोटांपर्यंत जळत आली.

“सरका पल्याड,” रुखमा म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, कणगीमागे हात घालून रॉकेलमध्ये भिजलेला काकडा काढला, वेणीतून पिन काढली, छिद्र मोकळे केले, काकडा लावला, चार पंप मारले. स्टोव्ह निळा होऊन घुरघुरू लागला. ह्या सगळ्याला पाणी प्यायला लागतो तितका वेळ लागला.

“बाई, तुम्हांला हे कोणी शिकवलं?” गुरुजींनी विचारले.

“जिजावैनीनं. चिखल्याले.”

“पण इतक्या झटक्यात?”

“सवयीनं होते जी. जानेवारीपासून रोजच पेटते ना तो. हे शेतात गेले का काढाचा, घरी याच्या आंधी घासून ठेवाचा. फूल तेवढं ध्यानात ठेवा लागते.”

 थंड चूल, गरम भात, सुईतला दोरा, साबण लावलेला डबा, सगळे खुशालच्या डोक्यात एकापाठोपाठ एक येऊन बसले. आणि आजचा धूर तिने केवळ त्याच्यासाठी गिळला होता, हेही. तो चुलीशी बसून पोरासारखा रडला. धूर केव्हाच गेला होता, त्यामुळे सबब काही उरली नव्हती.

चहा झाला. सगळ्यांनी घेतला. फार चांगला झाला होता, असे टिकारामने नोंदवून मग खोडले. खुशालचे नाव त्याच बैठकीत कमी करण्यात आले. कारण: ‘वस्तू पेटताना पाहण्यात आली.’

गुरुजी त्या दिवशी घरी लवकर पोचले, आणि विचारात असल्यामुळे चपला न वाजवता आत गेले. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. ती तोंडाने वाजवलेली नव्हती. गुरुजी तसेच मागे वळले, देवळापर्यंत जाऊन आले, आणि घरात कोणाला काही बोलले नाहीत. तशीच काही तरी भानगड त्या आठवड्यात बाकीच्यांच्याही घरी झाली असावी. टिकारामला आईजवळ सहा रिकामे सेल सापडले, असे ऐकिवात आहे. पुढच्या रविवारी हजेरी पूर्ण होती, वस्तू एकही नव्हती, आणि पाऊण तास कोणी कोणाकडे पाहिले नाही. शेवटी गुरुजींनी ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला: ‘प्रत्येक सभासदाने घरात शिरण्यापूर्वी दारात दोनदा मोठ्याने खाकरावे, व मनात शंभर आकडे मोजून मगच आत जावे.’

ह्या एका ठरावावर मंडळ १९८४ पर्यंत उत्तम चालले. दर्शन झालेल्या वस्तू: त्रेसष्ट. वापरलेल्या: शून्य. खुशालला मंडळात पुन्हा कोणी बोलावले नाही. तो रविवारी घरीच असे आणि चहा चार वेळा पीत असे.

तुम्ही हसलात, हे बरे केलेत. तुमच्याही घरी शोकेसमध्ये एक कपबश्यांचा सेट आहे, चांगले पाहुणे आले की काढायचा. कपाटात एक मिक्सर आहे, लाइट कमी-जास्त होते म्हणून गुंडाळून ठेवलेला. तेव्हा भरदुपारी न सांगता घरी जाऊ नका. गेलातच, तर दारात दोनदा खाकरा आणि शंभर मोजा. आणि इतके करून मिक्सर खरोखरच कोरा निघाला, तर मात्र घरातल्या बाईचे पाट्यावर वाटून घट्टे पडलेले हात जरा उजेडात धरून पाहा.